दाढ काढण्याआधी बंद केलेल्या गोळ्या

दाढ काढायला जायच्या आधी मी चार दिवस माझ्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. अगदीच मनाने नाही. कुपवाडला आमच्या वर्कशॉपात लेथ चालवणारा एक मित्र आहे. माझा सुजलेला गाल बघून तो म्हणाला, "गड्या, रक्त पातळ करायची गोळी आधी बंद कर. न्हाईतर दाढ निघंल, पण रक्त थांबायचं न्हाई."

सल्ला पटला. अडचण एवढीच, की माझ्या गोळ्यांतली रक्ताची कोणती, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हापासून बायको सकाळी तळहातावर गोळ्या ठेवते आणि मी गिळतो. ती भावाच्या वास्तुशांतीला मेढ्याला गेलेली. तिला विचारावं, तर 'कशाला पाहिजे?' हे आलंच. म्हणून मी सगळ्याच बंद केल्या. रोज सकाळी तिचा फोन यायचा, "घेतल्या का?" मी म्हणायचो, "घेतल्या."

पाचव्या दिवशी सांगलीत दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, काही खाऊन आलात ना?"

"छे! कडक उपाशी आहे."

"अहो, फक्त दाढेपुरतं बधिर करायचंय. पोटभर खाऊन यायचं असतं." त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. मग पुन्हा बघितलं. "गोळ्या कसल्या चालू आहेत?"

"होत्या. दाढेसाठी चार दिवस बंद ठेवल्यात." मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

त्यांनी तयार ठेवलेलं इंजेक्शन बाजूला सारलं. "कशाच्या गोळ्या?"

"एक पांढरी. एक गुलाबीसर. एक अर्धी असते."

"काका, कशासाठी घेता?"

"हृदयात स्प्रिंग आहे ना, तिच्यासाठी असतील."

"हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही दातांच्या ना!" मी म्हणालो. तोंडातल्या दाढेचा छातीशी काय संबंध, हे मला खरंच उमगत नव्हतं.

त्यांनी समजावलं. दाढेचं रक्त कापूस दाबून थांबवता येतं, फार तर टाका घालता येतो. पण गोळी अचानक सोडली आणि स्प्रिंगमध्ये गुठळी झाली, तर तिथे कापूस दाबायला जाता येत नाही.

"म्हणजे रक्त आलं तरी चालेल?"

"थोडं जास्त आलं तरी चालेल."

चार दिवस मी नेमकं उलटं धरून बसलो होतो. आता दाढ दुखतेय की छाती, तेही कळेना.

बाईंनी बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने मेढ्यातून सगळी औषधं नावांसकट, कोणती कशासाठी तेही, घडाघडा सांगितली. कुणा तिऱ्हाइताबद्दल ऐकावं तसा मी ऐकत होतो. एक गोळी साखरेची निघाली, तसा दचकलो.

"साखर? मला साखर आहे?"

"काठावर हाय," फोनमधून आवाज आला. "म्हणून तर तुमच्या च्यात अर्धाच चमचा घालते."

आणि मी दोन वर्षं समजत होतो, की हल्लीची साखरच कमी गोड येते.

मग बाईंनी तिला चार दिवसांचं सांगितलं. पलीकडे काहीच ऐकू येईना. मेढ्याला रेंज जाते, तशी गेली असेल म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "हॅलो?"

"हाय मी," ती म्हणाली. "चार दिस?"

बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांनाही फोन केला. त्यांनी लगेच बोलावून कार्डिओग्राम काढला. नशिबाने सगळं ठीक निघालं. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

दाढ आठ दिवसांनी निघाली. पोटात पोहे, पोह्यांवर गोळ्या, हातात फाईल आणि शेजारी बायको, असा मी खुर्चीत बसलो. एक टाका पडला. रक्त थोडं आलं आणि थांबलं. अर्धा तास कापूस चावून धरायचा, थुंकायचं नाही, गरम प्यायचं नाही, हे सगळं बाईंनी तिलाच सांगितलं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

 घरी आल्यावर तिने मला पलंगावर बसवलं, उशी उंच करून दिली, आणि मग म्हणाली, "दाढ गेली, बरं झालं. पर तुमी फोनवर घेतल्या म्हणत हुता, आन् मी तिकडं बिनघोर जेवत हुते. आता मी माहेराला जाऊ कशी, सांगा."