टाकळीकर सरांच्या तक्त्यातील अकरा नावे

१. अकरावीत असताना मी कंधारहून लातूरला आले आणि हणमंतराव टाकळीकर सरांच्या गणिताच्या क्लासला बसले. ही आमची पहिली ओळख.
२. पुढे नांदेडला संख्याशास्त्र शिकत असताना, दर जानेवारीत मी सरांचा म्युच्युअल फंडांचा तक्ता भरत असे. सहा वर्षे भरला.
३. सहाव्या वर्षी, माझ्या वडिलांनी निवडलेला फंड दुसऱ्या फंडात विलीन झाला. तक्त्यातून त्याचे नाव मी खोडले.
४. त्यानंतर मी सगळे जुने तक्ते काढले. खोडलेली नावे अकरा निघाली. ती परत भरून सरासरी काढली.
५. ती सरांना दाखवली. तक्ता बदलला नाही.
६. आता सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासोबत त्यांचे ‘फंड निवडताना’ हे पुस्तक पुन्हा छापले जाणार आहे. समितीने माझ्याकडे लेख मागितला आहे.

सरांविषयी चांगले लिहिणे मला अवघड नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मला यश आले नाही. निकालानंतर क्लासच्या फलकावर गुणवंतांचे फोटो लागले, तेव्हा मी खोलीचे दार लावून बसले होते. सर जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, “पोरी, तुला माणसं कापायचीच नव्हती. तू आकडे काप.” पुढचे दोन महिने त्यांनी मला संख्याशास्त्र शिकवले आणि फी घेतली नाही. आज माझे पोट त्यावरच चालते.

रविवारी संध्याकाळी त्याच वर्गात निवृत्त शिक्षक, दुकानदार, कारागीर जमत. फंड कसा पारखावा हे सर त्यांना फुकट शिकवत आणि कुठल्याही फंडाचे कमिशन घेत नसत. एका वर्षाचा परतावा पाहून भाळू नका. फंडाची तुलना त्याच्याच निर्देशांकाशी करा. सलग पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून पाहा. बाजार पडला तेव्हा तो किती पडला ते बघा. खर्च किती कापतात ते वाचा. आणि ज्या मॅनेजरने हा परतावा कमावला, तो अजून तिथे आहे का, हे विचारा. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. मी आजही याच क्रमाने काम करते.

चूक तक्त्यात होती. त्यात फक्त चालू असलेले फंड असत. जो बंद पडला किंवा विलीन झाला, त्याचे नाव मागच्या सगळ्या वर्षांसकट जाई. असे फंड बहुधा कमी परताव्याचेच असतात. ते निघून गेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते. सरांच्या पुस्तकातले मुख्य विधान, म्हणजे मॅनेजरने चालवलेले फंड सरासरीने निर्देशांकाला मागे टाकतात, हे या तक्त्यावर उभे आहे. अकरा नावे परत घातल्यावर सरासरी निर्देशांकाच्या खाली गेली.

हे कोणी लबाडीने केले नव्हते. क्लासचे निकाल आम्ही जसे मांडत होतो, तसेच फंडांचे मांडले. वर्षाच्या मध्येच घरी परतलेली मुले निकालात कधी नव्हती. एका रविवारी चाँदभाई टेलर म्हणाले होते, “सर, ह्या फंडाला बी क्लास लावा, औंदा गेला की हो.” सर हसून म्हणाले, “नापासाचा फोटो फलकावर कोण लावतंय, चाँदभाई?” वर्ग हसला. मीही हसले, आणि ते नाव खोडले. तो माझ्या वडिलांचा फंड होता. हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

वडील सरांचे जुने सहकारी. निवृत्तीचे पैसे त्यांनी तक्ता पाहून गुंतवले होते. त्या वर्षानंतर त्यांनी रविवारच्या वर्गासाठी लातूरला येणे सोडले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “सरांचं काय चुकलं न्हाई. इतक्या जणांना जमलं, मलाच निवडता आलं न्हाई. कोणत्या तोंडाने जाऊ?” आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवलेला माणूस आता बँकेची साधी पावतीसुद्धा मला विचारल्याशिवाय भरत नाही.

सरांची एक गोष्ट वडिलांनीच मला सांगितली आहे. भूकंपानंतर त्या दोघांची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. वरून नवी हजेरी करण्याचा निरोप आला. सरांनी वर्ष संपेपर्यंत जुनीच ठेवली. रोज सगळी नावे वाचत. जी मुले उरली नव्हती, त्यांच्या नावानंतर थोडे थांबत आणि पुढचे नाव घेत. वडील म्हणतात, त्या शेडमध्ये कोणी कुणाला विसरले नाही ते सरांमुळे.

मी नवा तक्ता घेऊन गेले, तेव्हा सरांनी तो दोनदा वाचला. बेरीज बरोबर आहे म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, “लोकांनी ह्या पुस्तकावर भरवसा ठेवलाय. आता पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना काय सांगू?”

मी म्हटले, “हेच सांगा.”

त्यांनी चहा सांगितला. विषय बदलला. त्या हजेरीची आठवण करून द्यावी असे मला वाटले होते. दिली नाही. आज इथे देत आहे, कारण ज्यांनी मला आकड्यांशी खरे वागायला शिकवले, त्यांचा गौरव मला खोट्या सरासरीवर करता येत नाही.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे डोळे शाबूत राहोत, रविवारचा वर्ग भरत राहो आणि त्यात माझ्या वडिलांना पुन्हा बसता यावे. त्यांनी चुकीचे निवडले असे नव्हे, त्यांच्यासोबत आणखी दहा फंडांचे लोक होते, एवढे त्यांना छापील कागदावर दिसायला हवे. मी सांगितले तर मी नुसती समजूत घालते आहे असे त्यांना वाटते.

दुरुस्त तक्ता लेखासोबत जोडला आहे. पुस्तक पंधरा तारखेला छपाईला जाणार असल्याचे समितीने कळवले आहे. नव्या आवृत्तीत ही अकरा नावे छापायची की नाही, हे सरांनी कृपया दहा तारखेपर्यंत होय किंवा नाही एवढ्या शब्दांत कळवावे.