शनिवारचा खाऊ

तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केल्यावर टायपिस्टबाईंनी स्वतःच्या चार ओळी लिहिल्या, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. पण दुखलं! आणि कुणाच्या, तर खुद्द साहेबांच्या.

झालं असं. ऑफिसात इंटरनेट नवीनच आलं होतं. फोन लागला की ते यंत्र आधी खरखरायचं, किंचाळायचं, मग कुठे जोडलं जायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा भराभर संपवून बाई त्यावर आपलं एक पान चालवायच्या. नाव, 'शनिवारचा खाऊ'. दर शनिवारी कोपऱ्यावरच्या बेकरीतून त्या एकच पेस्ट्री घ्यायच्या, घरी थोरल्या बहिणीबरोबर अर्धी अर्धी खायच्या आणि सोमवारी त्या पेस्ट्रीवर लिहायच्या. ओघात बसमधली भांडणं यायची, बंद लिफ्टला घातलेल्या शिव्या यायच्या. पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा दिसायचा. तो एकशे चाळीसवर गेला त्या दिवशी बाई गुणगुणत जिना उतरल्या होत्या.

पण सवय नडली. कागदावर वाचल्याशिवाय बाईंना टायपिंगमधली चूक दिसायचीच नाही, म्हणून मजकूर आधी छापून बघायच्या. एका सोमवारी छापायला दिला आणि नेमका फोन वाजला. प्रिंटर कुठे, तर साहेबांच्या केबिनमध्ये! बाई फोन ठेवून धावेपर्यंत साहेबांचं वाचूनही झालं होतं. त्यात लिहिलं होतं, की आमचे साहेब ड्रॉवरमध्ये लपवून पेस्ट्री खातात आणि मिशीला क्रीम घेऊन मिटिंगला येतात.

"हे पान आजच्या आज काढून टाका," साहेब कडाडले. "नाहीतर उद्यापासून तळघरात बसा, रेकॉर्ड रूममध्ये!" बोलता बोलता त्यांचा हात मिशीकडे गेला.

तळघरात कंप्युटर सोडाच, धड खिडकीही नव्हती. तरी बाई म्हणाल्या, "साहेब, कंप्युटर तुमचा, तो ठेवून घ्या. पान माझं आहे." आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन सरळ तळघरात जाऊन बसल्या.

ताईने घरी डोक्याला हात लावला. "अगं, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आणि ही थेरं! टाकायचं ना काढून!"

"नाही काढणार."

"मग लिहिणार कुठे?"

"शनिवारी, इंटरनेट कॅफेत. पण तिथला अर्धा तास आणि आपली पेस्ट्री, दोन्हीला तेवढेच पैसे पडतात. दोन्ही नाही जमायचं."

"म्हणजे त्या मिशीवाल्यापायी माझा अर्धा तुकडाही गेला?" ताईने घुश्श्यात ताटली सरकवली. मग म्हणाली, "लिहिणार असशील तर नीट लिही. मिशी गाळलीस तर बघ!"

शनिवारी बाई बेकरीवरून गेल्या. काचेआड पेस्ट्र्या मांडलेल्या होत्या. जीव तुटला, खोटं कशाला बोला. पण पाय थांबू दिले नाहीत. कॅफेतल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत खुर्ची ओढून बसल्या, तळघरात जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहून आणलेला मजकूर समोर ठेवला आणि बोटं सोडली. पेस्ट्री, ड्रॉवर, मिशी, क्रीम, सगळं जसंच्या तसं चढलं. दोन मिनिटं उरली तेव्हा त्यांनी सगळ्यात वर एक ओळ घातली:

'या शनिवारचा खाऊ: अर्धा तास. निम्मा माझा, निम्मा ताईचा.'