तपकिरी डब्यातलं पुरण

पुरणाचं अख्खं पातेलं वहिनीने माझ्यासमोर कचऱ्यात उपडं केलं. तेही नीट बघून. त्या शहरात ओल्या कचऱ्याचा डबा तपकिरी आणि कागदाचा निळा. तिने आधी चुकून निळ्याचं झाकण उघडलं, मग ते लावून तपकिरीचं उघडलं. कचऱ्याचा नियम काही तिने मोडला नाही.

पुरण मी केलं होतं. सकाळी सहापासून उभी होते. अजून कोमट होतं ते.

शहर जर्मनीतलं. ब्रेमेन. कापसाच्या व्यापाराचं जुनं बंदर. मी वर्ध्यात कापूस तपासायचं काम करते. रुईचा पुंजका बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगते. त्याच्याच आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. हॉटेल झेपणारं नव्हतं, म्हणून ओळखीतून एका जोडप्याचं घर मिळालं. मूळचे वर्ध्याचे, दहा वर्षांपासून तिथे. मी त्यांना दादा, वहिनी म्हणू लागले.

दारातच वहिनीने विचारलं, "वर्ध्यात कुठे?"

"बोरगाव मेघे."

"अवं, मग तर तुम्ही घरच्याच!"

तिला काय वाटलं ते मला कळलं. आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. मी हसले आणि चपला काढल्या. माझी माय लहानपणापासून सांगत आली, "गावच सांगजो. मोहल्ला नको सांगू." ते मी पाळलं.

तीन दिवस वहिनीने माया लावली, खोटं कशाला बोलू. स्वतःचा स्वेटर दिला. सकाळी डबा दिला. चौथ्या दिवशी घरात महालक्ष्म्या बसल्या. बाकीचा महाराष्ट्र त्यांना गौरी म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य आणि सवाष्णीला जेवू घालायचं. त्या गावात सवाष्ण आणायची कुठून? मी लग्नाची, नवरा गावी. वहिनी म्हणाली, "ताई, देवीनेच तुम्हाला पाठवलं."

आम्ही बौद्ध. आमच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. तरी मी हो म्हटलं. वर पुरणही मीच करते म्हटलं. ही माझी जुनी हुशारी. दुसऱ्याच्या घरी मरमर राबायचं, म्हणजे कोणी जास्त विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने मला तिची साडी नेसवली, कुंकू लावलं, ओटी भरली. पाटावर बसले. समोर वाढलेलं पान. नैवेद्य दाखवायचा तेवढा राहिला होता, कारण सासूबाईंना वर्ध्याहून व्हिडिओवर बघायचा होता. फोन महालक्ष्म्यांवरून फिरत फिरत माझ्यावर आला.

"हे कोन बाई?"

"आई, आपल्या बोरगावच्या आहेत. पुरण यांनीच केलं."

"असं का? बोरगावात कोन्या मोहल्ल्यात राह्यता बाई तुमी?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. माझं उत्तर तयार होतं. 'शाळेजवळ.' शाळा सगळ्यांच्याच जवळ असते. आजवर कितीदा तरी दिलं होतं. पण कपाळावर ते कुंकू, मांडीवर तो नारळ, आणि मला एकदम माझीच किळस आली.

"विहाराच्या मागं," मी म्हटलं. "बुद्धविहाराच्या."

फोनमधल्या बाईंनी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "सूनबाई, फोन आत ने."

आतून सासूबाईंचं सगळं ऐकू येत होतं. "त्या पुरनाचा नैवेद्य दाखवू नको, सांगून ठेवतो. फेकून दे. दुसरं कर."

वहिनी बाहेर आली. आधी माझ्यासमोरचं पान उचललं. मग पातेलं. दादा खिडकीतून नदी बघत राहिले. नंतर वहिनीने ओट्याच्या कोपऱ्यावर कागदी प्लेट ठेवली. भात आणि भाजी. पाट नाही, पान नाही.

"ताई, राग मानू नका. आम्ही असलं काही मानत नाही. फक्त देवीचं आहे, आणि आईंचं वय झालंय."

"मानत नाई, तर पान काऊन उचललं?"

ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. दादा पहिल्यांदा बोलले, "इथे तरी हा विषय नको ना, ताई."

"इथं तुमीच आनला, दादा. मी तर पुरन केलं होतं फक्त."

ओटीचा नारळ पाटावर ठेवला. कुंकू पुसलं. साडी सोडून तिची घडी घालून दिली, स्वेटरही. बॅग उचलून निघाले. कोणी अडवलं नाही. उरलेले दिवस एका वसतिगृहात काढले, सहा खाटांच्या खोलीत. तिथे मोहल्ला कोणी विचारला नाही.

परत आल्यावर मायकडे गेले, तर तिने विचारलं, "कशी होती मानसं?"

सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती, त्यातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "म्हनलं होतं ना तुले, नको सांगू."

मला तिचाही राग आला. पण त्याच खोट्यावर तिने मला शिकायला बाहेरगावी खोली मिळवून दिली होती. तेव्हा ती खरं बोलली असती, तर मी शिकले नसते. हे मी विसरत नाही. म्हणून तिला काही बोलले नाही. फक्त ठरवलं, की हे खोटं तिच्यावर संपवायचं. माझ्या तोंडून पुन्हा नाही.

आता पुन्हा परदेशी प्रशिक्षणाला जायचं आहे. दुसरं बंदर, दुसरं मराठी घर. काल मायच्या समोर बसून त्यांना फोन लावला. नमस्कार झाला. त्यांनी विचारलं, "वर्ध्यात कुठे?"

"बोरगाव मेघे. बुद्धविहाराच्या मागचा मोहल्ला. आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या ताटात जेवणार, तुमच्या ओट्यावर रांधणार. पान उचलायचं असेल तर आत्ताच सांगा."

माय हाताने खुणावत होती, ठेव, ठेव.

मी फोन ठेवला नाही. इतकी वर्षं उत्तरं मीच दिली. हे त्यांनी द्यायचं.