सासऱ्यांच्या चाकाचा परीघ

परीघ अगदी बरोबर काढला की बैलगाडी मोडते, हे मी स्वतः प्रयोग करून सिद्ध केलेलं आहे.

तेव्हा मी कोल्हापूरला शाहूपुरीतल्या एका शाळेत सातवीला गणित शिकवत होतो. स्वातंत्र्य नवं होतं आणि गणितही नव्या पद्धतीनं शिकवायचं ठरलं होतं. त्यासाठी आम्हाला एका शिबिराला पाठवलं. तिथं एका थोर गृहस्थांनी खुर्चीत बसून, सलग तीन तास, 'विद्यार्थ्यानं हातानं करून शिकावं' यावर भाषण केलं. (त्या तीन तासांत त्यांच्या हातांनी फक्त चष्मा पुसला.) मी मात्र पेटून परत आलो. महिनाभरात मुलांनी घनफळासाठी घरचे डबे आणले, अपूर्णांकांसाठी भाकऱ्या आणल्या (त्या मधल्या सुट्टीपर्यंत उरल्या नाहीत), आणि मी रोज संध्याकाळी शेत नांगरून आल्यासारखा घरी येऊ लागलो.

अशात कोडोलीहून माझे सासरे बैलगाडी घेऊन आले. धाकट्या मुलीचं लग्न होतं. कोल्हापुरात बस्ता बांधायचा, शनिवारी दुपारी गाडी जुंपायची, आणि रविवारी हळद. नवरीचा शालू याच गाडीतून जायचा होता, तेव्हा गाडी वेळेवर पोचणं भाग होतं. सासऱ्यांचं आणि माझं वाकडं नव्हतं. त्यांच्या लेखी मी कशाच्याच उपयोगाचा नव्हतो, एवढंच. वर्षातून दोनदा ते मला नीट न्याहाळायचे आणि माझ्या बायकोला विचारायचे, "वच्छे, मास्तर दिवसभर करत्यात तरी काय?"

नेमकी गाडीच्या एका चाकाची धाव, म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी, तुटायला आली होती. शनिवारी सकाळी नवी बसवायची होती.

"मामा, मी वर्गाला घेऊन येतो," मी म्हणालो. "परिघाचा धडा चालू आहे. पट्टीचं माप आम्हीच काढून देऊ."

"किती पोरं?"

"चाळीस."

सासरे मुलीकडे वळले. "वच्छे, ह्येंला बरं हाय न्हवं?"

शनिवारी दत्तू लोहाराच्या भात्यापुढं चाळीस मुलं, चाळीस दोरे आणि परिघाची चाळीस उत्तरं जमली. सगळ्यात लहान एकशे ऐंशी इंच, सगळ्यात मोठं दोनशे साठ. (त्यात सासऱ्यांच्या बैलाचा एक पायही आला होता.) शेवटी मीच व्यास मोजला. त्रेसष्ट इंच! सातानं निःशेष भाग जाणारा! असं चाक मी गणिताच्या पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. बावीस सप्तमांशानं गुणलं. एकशे अठ्ठ्याण्णव.

दत्तूनं तोवर आपला दोरा फिरवून पाहिला होता. "व्हय, येवढंच भरतंय. आता ह्यातनं दोन बोटं वजा करायची."

"बरोबर उत्तरातून वजा? का?"

"का म्हंजे? करत्यात."

"कोण करतात?"

"माझा बा करत हुता. त्येचा बा करत हुता."

"मुलांनो," मी फळ्याकडे वळलो (तिथं फळा नव्हता, म्हैस होती), "यालाच अंधश्रद्धा म्हणतात."

"मास्तर, पट्टी लाल करून बसवतोय आपण. निवल्यावर ती आवळाय नगं व्हय?"

उष्णतेनं लोखंड वाढतं आणि निवल्यावर आकसतं, हे मी आदल्याच दिवशी याच वर्गाला शिकवलं होतं. पण तो तास विज्ञानाचा होता!

दत्तूनं हात टेकले. "आण्णा, गाडी तुमची. काय करू?"

सासऱ्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या लग्नानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "मास्तर म्हणत्यात तसं कर. शिकल्याली मानसं हाईत ती."

आता माघार घेणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

एरवी धाव बसवायला तीन माणसं आणि तीन घण लागतात. आमची अल्लद बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाणी ओतलं, वाफ उठली. एरवी पट्टी आवळताना लाकूड करकरतं. आमचं चाक अगदी गप्प होतं. दत्तूनं आपला दोरा गुंडाळून ठेवला.

नदी ओलांडून आम्ही दोन-अडीच मैल गेलो. सासरे गाडी हाकत होते, मागं शालूच्या गाठोड्याला टेकून बायको आणि मी. उतार लागला. डाव्या अंगानं एक लोखंडी कडं आलं, आम्हाला मागं टाकून पुढं गेलं आणि वळणावर न वळता सरळ उसात शिरलं.

"कुणाचं वो हे?" सासरे म्हणाले.

"आपलंच असावं," मी म्हणालो.

"अहो, मग बसलाय काय नुसते!" बायको ओरडली, आणि तेवढ्यात दगडावर आपटून चाकाचे तुकडे सुटले. गाडी डाव्या अंगावर बसली.

मी उसात शिरलो. आतून एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय हुडकताय पावणं?"

"गाडीची धाव."

"निसटली? माप कुनी काढलंतं?"

"मी."

"लोहार हाय काय तुमी?"

"नाही. मास्तर."

"मग बराबर हाय," तो म्हणाला आणि कामाला लागला.

शेवटी शेणखताच्या एका गाडीनं आम्हाला घेतलं. आमचे बैल मागं बांधलेले, आरामात. शालू खाली टेकवायचा नाही, असा बायकोचा हुकूम. कोडोली येईपर्यंत गाठोडं माझ्या डोक्यावर होतं. सासरे वाटेभर गाडीवानाशी उसाच्या भावाबद्दल बोलत होते. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर ओझं हलकं झालं असतं.

दिवेलागणीला पोचलो. शालू वाचला, पण सकाळपर्यंत हकीगत घरोघर गेली होती. "मास्तर, हळद दोन बोटं कमी लावायची काय वो?" एक मामेसासरे विचारत होते. दुसरे हसून हसून खांबाला टेकले होते.

"गप बसा रं!" सासरे कडाडले. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, "जावईबापू, मांडवाला वासं किती लागतील? तुमी सांगा."

मी अंगण पावलांनी मोजलं, दोनदा हिशेब केला आणि सांगितलं, "चोवीस."

"चोवीस! ऐकलं न्हवं?" सासरे माणसांकडे वळले. "आता त्यात काय मिळवायचं, काय वजा करायचं, ते तुमचं तुमी बघा."

मांडव उत्तम झाला. त्याला वासे किती लागले, हे मात्र मला सांगता येणार नाही. त्या लग्नात मी मान वर केलीच नाही.