वॉल्टरच्या निसटलेल्या पकडी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी पगारासाठी घासाघीस कशी केली त्यातला शब्दन् शब्द ऐकवतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही वॉल्टरला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आकड्यांचं काम करतो. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. एमएस करायला आलो, अर्धवेळ कामावर चिकटलो, भांडून भांडून ते पूर्णवेळ करून घेतलं. कुणी हात दिला नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो — असो.

माझ्याकडे बचावाची बाजू आहे. बचावानं दर सामन्यात काय गाठायचं ती लक्ष्यं ऑगस्टमध्ये ठरतात. समोरच्याला किती गुण करू द्यायचे, चेंडू किती वेळा हिसकावायचा, किती टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडायच्या पकडी, सुटल्या तर चालतील. सगळं मीटिंग रूमच्या भिंतीवर लागतं, आणि दर सोमवारी लक्ष्य गाठलं तर हिरवा ठिपका, हुकलं तर लाल. ठिपके मी लावतो. सामन्याचा व्हिडिओ मागेपुढे करून सुटलेल्या टॅकल मोजतो, तोही मीच.

वॉल्टर मधल्या फळीचा कोच होता. साठीचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, एकोणीस वर्षं त्याच मैदानावर. माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी टॅकलबद्दल बोलायला लागलो आणि तो म्हणाला, "पोरा, तू आयुष्यात कधी कुणाला पाडलंयस का?"

बारा माणसं हसली. मुख्य कोच तर डोळे पुसत होता.

पाडलंय हो! मिरजेत सात वर्षं कबड्डी खेळलोय, डाव्या कोपऱ्यावर. भले भले घोट्याला धरून पाडलेत. पण इंग्रजीत भांडायला मला अजूनही अर्धं मिनिट जास्त लागतं, आणि तेवढ्यात विषय पुढे गेलेला असतो.

वॉल्टर वाईट होता का? नाही. म्हणून तर हे सांगणं अवघड जातंय. आठवडाभरानं तो कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला. कुणाकडून तरी कबड्डीचं कळलं होतं. "माझं चुकलं," म्हणाला. "ती घोट्याची पकड मला दाखव." मी गवतावर दाखवली. त्या गुडघ्यांनिशी तो खाली बसला, दोनदा करून बघितली, शिव्या देत उठला. मी वरवर हसलो. आतून नाही. हसायला बारा जण आणि माफी मागायला एकांत — हा कुठला सौदा? मी तो मनात धरून ठेवला. दोन वर्षं.

मग त्या ऑगस्टमध्ये वरून निरोप आला की या वर्षी कोचांचे करार भिंत बघून पुढे चालू होतील. वॉल्टरच्या फळीला दर सामन्यात किती सुटलेल्या टॅकल माफ? मी म्हणालो तीन. तो म्हणाला पाच. मी टेबलावर हात आपटला, तो उभा राहिला, आवाज बाहेरच्या पॅसेजपर्यंत गेला. शेवटी चार. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "तुझ्याकडून जुनी गाडी विकत घ्यायची वेळ देवानं माझ्यावर आणू नये."

इथवर सगळं सरळ होतं. घासाघीस मी उघड करतो, त्याची मला लाज नाही. पण भाव ठरल्यावर मापात पाप करायचं नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

सुटलेल्या टॅकलचा नियम मीच लिहिलेला होता. खेळाडूनं अंग घालून धरलं आणि समोरचा निसटला, तरच मोजायची. नुसता हात लागला तर नाही. कबड्डीत उलटं असतं — तुमचा स्पर्श झाला आणि चढाईवाला रेषेवर पोचला, की तुम्ही बाद. पहिल्या सामन्याचा व्हिडिओ बघताना वॉल्टरच्या एका खेळाडूची बोटं पळणाऱ्याच्या जर्सीला लागली. नुसती बोटं. मी एक मोजली. जुन्या सवयीनं मोजली गेली, असं मी स्वतःला सांगितलं.

सवय? मग ती पुढच्या फळीला का लागू झाली नाही? मागच्या फळीला का नाही? त्यांना मी लिहिलेला नियम लावला, आणि वॉल्टरच्या माणसांना कबड्डीचा. पूर्ण मोसमभर. समजून उमजून.

बारा सामन्यांत नऊ लाल ठिपके. वॉल्टरचा करार संपला.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. इंग्रजी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. त्यानं फक्त यादी मागितली — कुठल्या टॅकल सुटल्या ते त्याला बघायचं होतं. दोन आठवडे एकटा बसून त्यानं प्रत्येक टॅकल बघितली. मग आला.

"तुझे आकडे बरोबरच असणार," म्हणाला. "पण यातल्या अर्ध्या मला सुटलेल्या दिसतच नाहीत. नजर गेली माझी. आणि मी पोरांना काय शिकवत होतो कोण जाणे."

एक वाक्य पुरलं असतं. त्या वेळी अर्ध्या मिनिटाचीही अडचण नव्हती, तो तिथेच उभा होता, वाट बघत असल्यासारखा. मी म्हणालो, "होतं असं, कोच."

पुढच्या वसंतात त्याच्या घराजवळच्या एका शाळेनं त्याला कोच म्हणून बोलावलं. त्यानं नकार दिला. मला मेसेज करून कारणही कळवलं, जणू मी हक्काचा माणूस. टॅकल चुकीची शिकवली तर पोरांची मान मोडते, आणि आता त्याचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात मी ते बारा सामने पुन्हा मोजले, माझ्याच लेखी नियमानं. लाल ठिपके नवाचे दोन झाले. ते आकडे मी कुणाला दाखवले नाहीत. मी अजून त्याच नोकरीत आहे, आणि दर ऑगस्टला लक्ष्यं ठरवायला बसतो.

आपल्याला टॅकल शिकवता येत नाही, असं वॉल्टर आजही धरून चालतो. त्याला येत होती. मी बघितलेल्या सगळ्या कोचांत त्याच्याइतकी चांगली कुणालाच येत नव्हती.