कोपऱ्यावरचं झाकण

आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराचं लोखंडी झाकण सैल झालं होतं. त्यावरून रिक्षा गेली की ‘खड्डांग’, टेम्पो गेला की ‘खड्डांग-डांग’, आणि ट्रक गेला की आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. कळंबोलीत ट्रकांना काय तोटा! एका बाजूला लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला हायवे आणि मधे आमची सोसायटी. मी घरून काम करते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकते आणि गोड आवाजात उत्तरं देते. माझा सगळा गोडवा तिथेच संपतो. माझ्या नाकावर राग असतो असं घरात म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्या झाकणाने दोन वर्षं माझं डोकं उठवलं होतं.

घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. बाबा तरुणपणी मराठवाड्यातल्या खेड्यातून इथे आले आणि लोखंड बाजारात मुकादम म्हणून आयुष्य काढलं. पत्र्यावर बोटाचं पेर आपटून तो किती जाडीचा आहे ते सांगायचे. क्रेनची साखळी जरा वेगळी वाजली की ‘बाजूला व्हा!’ म्हणून ओरडायचे, आणि हमाल वर न बघता पळायचे. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण त्या गदारोळात लवकर बहिरे झाले. बाबा मात्र लोखंडाचं कटिंग सुरू झालं की कानात कापसाचे बोळे घालायचे. लोक हसायचे, हे हसू द्यायचे.

निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे एकच काम होतं, मागच्या गल्लीतल्या बुद्धविहाराची किल्ली. रोज संध्याकाळी सहाला विहाराचं शटर उघडायचं, झाडून घ्यायचं, मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. मग वंदनेला बायका येतात आणि अभ्यासाला दहावी-बारावीच्या मुली. अंगात ताप असतानाही त्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं. ती किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची आणि बसल्या बसल्या ते वरूनच चाचपून बघायचे.

काचबिंदूने त्यांची नजर कमी होत चालली होती, हे आम्हाला माहीत होतं. डोळ्यात थेंब घालणं चालू होतं. ‘किती दिसतं बाबा?’ विचारलं की म्हणायचे, “दिसतं की. न दिसायला काय झालं?” आम्ही विश्वास ठेवायचो, कारण त्यांचं चालणंच तसं होतं. काठी नाही, चाचपडणं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून, ताठ मानेने, फुटपाथवर आडव्या लावलेल्या मोटरसायकलींना वळसा घालून जायचे. मी धडधाकट डोळ्यांची बाई त्याच मोटरसायकलींना ठेचकाळते.

झाकणाची तक्रार मी चार वेळा केली. फोटो काढून टाकले, व्हिडिओ टाकला, एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन तावातावाने बोलूनही आले. शेवटी एका बुधवारी दुपारी दोन माणसं आली. त्यांनी जुनं झाकण काढलं, कडेला सिमेंट भरलं, खाली रबर घालून नवीन झाकण घट्ट बसवलं. बाबा तेव्हा झोपले होते. मी खिडकीत उभी राहून बघत होते. एक टेम्पो गेला आणि काहीच वाजलं नाही. मला इतका आनंद झाला की काम संपवून मी शिरा करायला घेतला.

पावणेसहाला बाबा निघाले. दारात जरा थबकले आणि म्हणाले, “आज लई शांत हाय गं.”

“हो ना!” मी स्वयंपाकघरातून ओरडले. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटतंय.

साडेसहाला विहारात येणाऱ्या एका बाईंचा फोन आला. “बाबा बरे आहेत ना? कुलूप आहे इकडे. मुली पायरीवर बसल्यात.”

गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. विहाराच्या गल्लीत नव्हते, गिरणीपाशी नव्हते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, “सीधे गये, उधर.” त्याने हात दाखवला तिकडे ट्रकांचा अड्डा आणि पुढे हायवेचा सर्व्हिस रोड. मी पळत सुटले.

सर्व्हिस रोडच्या तोंडाशी एका विजेच्या खांबाला धरून बाबा उभे होते. दोन पावलांवरून कंटेनर जात होते. आयुष्यभर लोखंडाच्या खाली वावरलेला हा माणूस दोन्ही हातांनी खांब धरून उभा होता, आणि त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी हाताला धरलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, “विहार उघडलं का कुणी?”

घरी येताना कोपऱ्यावर मी म्हटलं, “बाबा, इथे वळायचं होतं.” ते थांबले. “इथं? इथं तर चेंबरचं झाकण वाजतं. आज वाजलंच न्हाई. मला वाटलं अजून आलं न्हाई, म्हून चालत ऱ्हायलो.”

पुढच्या पन्नास पावलांत माझ्या लक्षात आलं, की यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि आम्हाला ते कळलं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं तेव्हा बाबांनी कबूल केलं. बोगद्यातून बघावं तसं मधलं थोडं दिसतं, तेही उजेडात. वर्ष झालं असेल. नवऱ्याचा आवाज चढला, मग बसला. “रविवारी वंदना झाली की किल्ली देऊन टाका बाबा. तोवर आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल. एकटं जायचं नाही.” बाबांनी मान डोलावली. शिरा कुणी खाल्ला नाही.

सकाळी बाबा किल्ली तळहातावर घेऊन गॅलरीत बसले होते. मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तक्रारी, फोटो, व्हिडिओ, रबर. माझ्यामुळे झालं, म्हणून रडलेसुद्धा. ते ऐकत होते. मग म्हणाले, “चार तक्रारी केल्यास?”

“हो.”

“माझ्यासाठी बरी होती की ती कटकट,” म्हणाले, आणि चक्क हसले. मग उठले. “चल. चप्पल घाल. आणि डोळे मीट.”

त्या सकाळी जे झालं ते मी अजून नीट कुणाला सांगू शकलेले नाही. गेटबाहेर त्यांनी माझा हात आपल्या कोपरावर ठेवला. मी डोळे मिटले आणि ताबडतोब मला फक्त गोंगाट ऐकू आला. हॉर्न, हायवे, कुणाचा तरी ड्रिल. “काय ऐकू येतं?” त्यांनी विचारलं. “डोकेदुखी,” मी म्हटलं.

“पायाचं ऐक. आपल्याच.”

आम्ही चाललो. माझी चप्पल फट फट वाजत होती. काही वेळाने ते म्हणाले, “आता बघ हां.” आणि खरंच, चपलेचा आवाज एकदम पातळ झाला, उजवीकडे निघून गेल्यासारखा. “भिंत संपली. शेजारच्या सोसायटीचं गेट आलं.” पुढे भिंत सुरू झाली आणि आवाज परत जवळ आला. आठ वर्षं मी त्या भिंतीजवळून चालतेय. भिंत आपल्याशी बोलते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

“इथं ट्रक उभा हाय,” ते पुढे म्हणाले, आणि मला घेऊन आत सरकले.

मी डोळे उघडले. खरंच दहाचाकी ट्रक, इंजिन बंद, ड्रायव्हर आत झोपलेला. “बाबा, हा तर आवाजच करत नाहीये!”

“त्यो न्हाई करत. पर त्याच्यामागं हायवे झाकला ना. ऐक.”

मी परत डोळे मिटले. हायवेची ती अखंड घरघर, जिला मी आठ वर्षं शिव्या घातल्या, तिच्यात ट्रकाएवढं एक भोक पडलेलं होतं. ट्रक संपला आणि घरघर परत आली. मी मुद्दाम मागे गेले आणि परत चालले. परत तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ड्रायव्हर उठून बघायला लागला, म्हणून बाबांनी मला ओढलं.

गिरणीपाशी म्हणाले, ज्वारी चाललीय. मी जाऊन विचारून आले, ज्वारीच होती. विजेच्या डीपीची गुणगुण आली की दोन पावलं डावीकडे, कारण तिथे फुटपाथ खचलाय. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या गाड्यांवर मात्र त्यांचा फार राग. “मांजरासारख्या येत्यात मेल्या.” आणि विहाराच्या अंगणात पिंपळ आहे. त्याची पानं वाऱ्याशिवायही वाजतात असं मला वाटायचं नाही, पण त्या दिवशी वाजत होती. ती ऐकू आली की बाबा पाठीमागचे हात सोडून खिशातली किल्ली काढायचे.

पायरीवर बसून ते म्हणाले, “रात्री पोरी ह्याचं शटर पाडत्यात, ते मला घरात बसून ऐकू येतं. किल्ली दिली, तरी दुसरं कुणी उघडलं की मला कळणारच.”

“काहीतरीच बाबा. मधे अख्खी बिल्डिंग आहे.”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतनं येतं, बंद असली तरी,” ते म्हणाले. ती खिडकी मी गोंगाट नको म्हणून कायम बंद ठेवते.

बाकीचा रस्ता त्यांच्या कानांत पक्का होता, घोळ फक्त कोपऱ्याचा होता. भिंत चार ठिकाणी संपते, त्यातलं आपलं वळण कोणतं? पावलं मोजावीत तर गाड्यांना वळसे घालताना हिशेब चुकतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल म्हणावं तर गिऱ्हाईक नसलं की तो बंद. दोन दिवस मी कोपऱ्यावर उभी राहून आवाज शोधत होते. मी! बायका गॅलरीतून बघत होत्या.

शेवटी उपाय बाबांनाच सुचला. पंक्चरच्या दुकानापुढे फुटपाथमधून एक छोटं गटार जातं, त्यावरची फरशी कधीची फुटलेली. शनिवारी सकाळी बाजारातले त्यांचे दोन जुने सोबती हातगाडीवर तीन लोखंडी प्लेटा घेऊन आले, वर खवले उठवलेल्या, पाय न घसरणाऱ्या. बाबांनी प्रत्येकीवर बोटाचं पेर आपटलं. पहिली नको म्हणाले, दुसरी नको. तिसरीवर दोनदा आपटून कान जवळ नेला. “ही घ्या. ही बोलती.” पंक्चरवाला खूश झाला, त्याला टायर ढकलत न्यायला सोपं. प्लेट गटारावर टाकली आणि सोबत्यांनी ती चारी बाजूंनी घट्ट बसवायला घेतली. इतकी वर्षं तेच काम केलेली माणसं, हाताला दुसरं वळणच नाही.

“नको, नको! एक कोपरा सैल ठेवा,” मी ओरडले. त्यांनी खाली खडा सरकवला. बाबा वरून चालले. “अजून थोडी सैल करा,” मी म्हटलं. वॉर्ड ऑफिसातल्या त्या साहेबांनी मला तेव्हा बघितलं असतं तर माझं काय केलं असतं कोण जाणे.

तिसऱ्या खेपेला ती ‘धडांग’ वाजली. बाबा तिच्यावर उभे राहून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर डुलले. “आधीचं दुसऱ्याच्या गाडीच्या भरवशावर व्हतं,” ते म्हणाले. “ही माझ्या पायाची हाय.”

त्या संध्याकाळी नवरा वीस पावलं मागे राहून त्यांच्या पाठोपाठ गेला. परत आला, सोफ्यावर बसला, बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत राहिला. मग म्हणाला, “रविवारचं राहू दे.” डोळे पुसायला बाथरूममध्ये गेला.

सोमवारी बाबा एकटे निघाले. मी काम सोडून खिडकीत गेले, पण खाली बघितलं नाही. त्यांनी ज्या कानांवर भरवसा ठेवला त्यांच्यावर आपणही ठेवावा असं वाटलं. डोळे मिटून उभी राहिले. रिक्षा गेली, टेम्पो गेला, माझ्या रबरावरून मुकाट गेला. मग ‘धडांग’. जरा थांबून पुन्हा एकदा, हलकी. वळले होते.

मी स्वयंपाकघरात पळाले आणि ती बंद खिडकी ढकलून उघडली. हायवे आला, गिरणी आली, वरच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आली. मी श्वास रोखून थांबले. इतक्या आवाजांत काय ऐकू येणार, असं मनात येतंय तोच बिल्डिंगच्या पलीकडून, लांबून, पण स्वच्छ, एक लोखंडी शटर घरंगळत वर गेलं.

आठ वर्षं ते रोज सहाला वर जात होतं.