दारू सोडल्याचा दाखला

आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. दारूपायी बायको माहेरी निघून गेलेलाही मीच पहिला. पिणारे आमच्यात पुष्कळ होऊन गेले, पण त्यांच्या बायकांना जायला जागा नव्हती.

मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे आणि बजाजनगरात राहतो. बायकोचं माहेर अजिंठ्याजवळ. तिला आणायला गेलो तेव्हा ती बाहेर आलीच नाही, सासरे आले. सासरे निवृत्त तलाठी. माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा त्यांनी नोकरीभर कागद बघून ठरवलं.

"जावईबापू, तोंडी काय चालत नाय," ते म्हणाले. "सोडल्याचा दाखला आणा, पोरगी पाठवतो."

दुसरा कुणी चिडला असता. मला मागणी रास्त वाटली. जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा, असे दाखले जोडत जोडतच मी पदवीपर्यंत पोचलो होतो आणि ते देणाऱ्यांचे उपकार मी आजही मानतो. शाळा सोडल्याचा मिळतो, मग दारू सोडल्याचा का मिळू नये?

कंपनीतल्या एकानं सांगितलं, दारू सोडणाऱ्यांची रविवारी बैठक भरते. तिथं नाव विचारत नाहीत, सगळं गुप्त असतं. जागा चौकातल्या पानटपरीवर विचार.

मी टपरीवाल्याजवळ सरकून हळूच म्हणालो, "इथं रविवारी एक कार्यक्रम असतो म्हणे."

"बेवड्यांची मिटिंग का?" पानाला चुना लावता लावता त्यानं अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं विचारलं. "शाळेच्या मागच्या बाजूला, शेवटचा वर्ग. जा ना भाऊ, लाजतो काय? समोरच्या दुकानातून बाटली नेताना कधी लाजला नाय."

वर्ग पहिलीचा होता. दहाबारा बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन चिमुकल्या बाकांवर बसले होते आणि भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. मी अर्ज टाइप करून नेला होता, दोन प्रतींत. विषय : दारू सोडल्याबाबत प्रमाणपत्र मिळणेबाबत. सोबत आधार कार्ड आणि पदवीची साक्षांकित प्रत.

बैठक चालवणारे काका पूर्वी वेल्डर होते. त्यांनी चष्मा लावून सगळे कागद चाळले.

"पदवी कशाला जोडली?"

"असू द्यावी म्हटलं."

"बरं केलं. बिगरपदवीचे लई झालेत इथं." सगळा वर्ग हसला. "साहेब, इथं रजिस्टर नाय, शिक्का नाय. दाखला देणार कोण? पण लिहिलंय झकास. वाचा मोठ्यानं."

वाच म्हटलं की उभं राहायचं, ही शाळेची सवय. उभा राहिलो. "महोदय, मी अधूनमधून, मित्रांच्या आग्रहाखातर..."

"थांब," मागच्या बाकावरचा रिक्षावाला म्हणाला. "अधूनमधून म्हंजे? खाडा कधी असायचा?"

"नसायचा."

"मग खोड ना ते."

काकांनी पेन दिला. मी खोडून 'रोज' लिहिलं.

"आन् आग्रह करणारे मित्र किती?"

मी आठवून पाहिलं. शेवटची तीन वर्षं मी एकटाच पीत होतो. तेही खोडलं. 'कामाच्या ताणामुळे' हे तर त्यानं पुरतं वाचूच दिलं नाही. "सुट्टीच्या दिवशी कोणता ताण होता रं?"

तासाभरात वेळ संपली, तोवर अर्जातलं सलग म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. माझा पेपर इतक्या बारकाईनं विद्यापीठातही कुणी तपासला नव्हता. शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला. पुढच्या रविवारी त्याची आठवण कुणी काढली नाही आणि मीही करून दिली नाही.

मी जात राहिलो, पीत नव्हतो. दोन महिन्यांनी तोच कागद घेऊन सासरी गेलो. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"जावक क्रमांक नाय, शिक्का नाय. खाडाखोड केली तर तिच्यावर सही नाय. हे कुठंच चालणार नाय."

तेवढ्यात बायको आतून आली, त्यांच्या हातून कागद घेतला आणि उभ्यानंच वाचू लागली. शेवटच्या परिच्छेदाशी थांबली. तिथं मी लिहिलं होतं, 'माझ्या पिण्याचा घरात कुणालाही त्रास झालेला नाही.'

"हे कुणी तपासलं?" तिनं विचारलं.

"ते वाचायचं राहून गेलं," मी म्हणालो.

"माझा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तुम्ही सगळ्यांना काय सांगितलं?"

"बाथरूममध्ये पाय घसरला."

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांनाही मी तेच सांगितलं होतं.

"मी खोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही खोडा. तिथं, सगळ्यांसमोर वाचून. मग बघू." कागद तिनं माझ्या हातात दिला आणि आत गेली. चहाचं कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी मी ते वाक्य वाचलं, खोडलं आणि हात कसा मोडला ते सांगितलं. रिक्षावाला हसला नाही. काका एवढंच म्हणाले, "बस खाली." त्या बाकावर बसायला मला बराच वेळ लागला.

सासरे आता दाखला मागत नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत. बायको मात्र रविवारी संध्याकाळी फोन करते.

"गेला होता का?"

"गेलो होतो."

"काय सांगितलं आज?"

मी सांगतो. ती ऐकून घेते. येते, असं अजून म्हणाली नाही.